शिकागोच्या उपनगरातला कॅटमिंट: लाडानं बिघडणारं झाड

मे महिना सरत आला की नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या शिकागोच्या उपनगरांत फुटपाथच्या कडेनं निळ्या-जांभळ्या फुलांचे ढीग दिसायला लागतात. भारतात घरी जे फोटो जातात त्यांच्याखाली हमखास ‘आमच्याकडचा लॅव्हेंडर’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तो लॅव्हेंडर नसतो. इथल्या चिकणमातीत आणि ओल्या-गोठत्या हिवाळ्यात लॅव्हेंडर दोन-तीन वर्षांत मान टाकतो. फोटोतलं झाड असतं कॅटमिंट, शास्त्रीय नाव नेपेटा.

हे तुळशीच्या कुळातलं झाड. देठ बोटांत फिरवून पाहिला तर चौकोनी लागतो, पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि चुरडली की पुदिन्याच्या अंगानं जाणारा उग्र वास येतो. फरक आहे तो थंडीचा. इथे तुळशीची कुंडी सप्टेंबरअखेर घरात घ्यावी लागते आणि तरीही ती मार्चपर्यंत जेमतेम तग धरते. कॅटमिंट बाहेरच राहतो. 30 जानेवारी 2019 रोजी शिकागोत पारा उणे 30 अंश सेल्सियसच्या खाली गेला होता; असल्या थंडीतही जमिनीखालची मुळं जगतात. वरचा भाग वाळतो आणि मार्चअखेर बुडातून करडी-हिरवी फूट येते. अशा झाडांना इथे पेरेनियल म्हणतात. दरवर्षी नवी रोपं आणून लावण्याचा खर्च आणि कंबरदुखी वाचवायची असेल, तर बागेचा पाया पेरेनियलांचाच हवा.

आपल्याकडच्या बागकामाच्या सवयी मात्र या झाडाच्या मुळावर येतात. संध्याकाळी पाईप घेऊन रोज पाणी, महिन्याला मूठभर खत, पानं पिवळी दिसली की आणखी पाणी. जास्वंदीला हे चालतं. कॅटमिंटला हेच केलं तर तो भराभर वाढतो, देठ लुसलुशीत होतात आणि जूनच्या पहिल्या वादळी पावसात मधोमध फाटून चारी बाजूंना आडवा पडतो. लोक मग काठ्या लावतात, सुतळी बांधतात. झाड कमकुवत नसतं, त्याला खायला-प्यायला जास्त झालेलं असतं.

कोणता घ्यायचा

नर्सरीत जे मिळतात ते बहुतेक संकरित. नेपेटा फासेनाय या संकराला फासेन नावाच्या डच रोपवाटिकावाल्याचं नाव आहे. हा संकर वांझ आहे, त्याला रुजणारं बी येत नाही, त्यामुळे तो बागभर पसरत नाही. त्याचा भाऊबंद कॅटनिप, म्हणजे नेपेटा कॅटारिया, अगदी उलट स्वभावाचा: पांढुरकी फुलं, विस्कटलेली वाढ आणि दुसऱ्या वर्षी फरशीच्या फटीफटीतून रोपं. मोठ्या दुकानांत या दोघांच्या पाट्यांची अदलाबदल होते. म्हणून पाटीवर ‘फासेनाय’ किंवा जातीचं नाव छापलेलं आहे का ते पाहूनच कुंडी उचलावी.

सगळ्यात जास्त खपणारी जात ‘वॉकर्स लो’. अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशननं 2007 साली तिला वर्षातली सर्वोत्तम वनस्पती म्हणून निवडलं. नावात ‘लो’ असलं तरी ती बुटकी नाही, अडीच फूट उंच आणि तीन फूट रुंद होते. तीन फुटांच्या वाटेच्या दोन्ही कडांना ती लावली तर जूनमध्ये वाट शिल्लक राहत नाही. अरुंद जागेत ‘कॅट्स पजामाज’ घ्यावी, ती सव्वा फुटाच्या आत राहते. ‘ज्युनिअर वॉकर’ आणि ‘पर्शियन ब्लू’ दीड फुटापर्यंत जातात. ‘सिक्स हिल्स जायंट’ तीन फूट उंच होते. ती देखणी आहे, पण पडण्यात पहिला नंबर तिचा, त्यामुळे मागे कुंपणाचा आधार नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

एक गॅलनच्या कुंडीतलं रोप साधारण 15 ते 20 डॉलरला पडतं. कुंडी काढून मुळं पाहायला लाजू नये, इथे कोणी हटकत नाही. फुलांनी लगडलेल्यापेक्षा बुडाशी सात-आठ फुटवे असलेलं रोप चांगलं.

जागा आणि माती

किमान सहा तासांचं थेट ऊन लागतं. मेपलच्या झाडाखाली लावलेला कॅटमिंट जगतो, पण उन्हाकडे तिरका वाढून लोळतो आणि फुलं निम्मी येतात.

मातीची गोष्ट जरा नीट समजून घ्यायला हवी. या उपनगरांत घरं बांधताना वरची काळी माती खरवडून काढतात, खालची चिकणमाती यंत्रांखाली दाबली जाते आणि शेवटी चार-सहा इंच माती पसरून वर हिरवळीचे गालिचे अंथरतात. त्यामुळे फावडं सहा इंचांवर अडतं आणि खड्ड्यात ओतलेलं पाणी तासन्‌तास उभं राहतं. कॅटमिंटला ही माती विम्लधर्मी असल्याची तक्रार नाही, पाणी साचण्याची आहे. उन्हाळ्यात फार नाही, पण हिवाळ्यात बर्फ वितळून बुडाशी पाणी राहिलं आणि परत गोठलं की मधला गड्डा सडतो. एप्रिलमध्ये लोक म्हणतात, थंडीनं मेलं. थंडीनं नाही, ओलीनं मेलेलं असतं.

त्यावर वाळू मिसळणं हा उपाय करू नये. चिकणमातीत थोडी वाळू घातली की सगळं मिळून सिमेंटसारखं घट्ट बसतं. त्याऐवजी पूर्ण वाफ्यावर दोन इंच कंपोस्ट पसरून ते आठ इंच खोलवर मिसळावं आणि वाफा आजूबाजूच्या हिरवळीपेक्षा तीन-चार इंच उंच ठेवावा. हे एकदाच करायचं. फक्त खड्ड्यापुरती मऊ माती घातली तर तो खड्डा चिकणमातीतली वाटी बनतो आणि पाणी तिथेच जमा होतं.

खणण्यापूर्वी 811 ला फोन करायचा, निदान तीन कामाचे दिवस आधी. हातानं खणायचं असलं तरीही. गॅस, वीज, इंटरनेटच्या तारा कुठून जातात त्यावर त्या-त्या कंपन्यांची माणसं फुकट रंगाच्या खुणा करून जातात. इंटरनेटच्या तारा बऱ्याचदा फावड्याच्या एका दणक्याइतक्याच खोल असतात. सोसायटीची, म्हणजे इथल्या भाषेत एचओएची, नियमावलीही बघून घ्यावी. काही ठिकाणी दर्शनी भागातल्या वाफ्याला आधी परवानगी लागते.

लावणी

मेचा पहिला पंधरवडा उत्तम. दुसरा मुहूर्त सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर लावलं तर मुळं धरायला वेळ मिळत नाही आणि जमीन गोठत-वितळत असताना अख्खं रोप मुळांसकट वर ढकललं जातं.

खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीच. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर चाकूनं बाजूला तीन-चार उभ्या चिरा द्याव्यात. रोपाचं बूड मातीच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर राहू द्यावं, चिकणमातीत हे फार महत्त्वाचं. दोन रोपांत मोठ्या जातींना 30 इंच, लहानांना 18 इंच. पहिल्या वर्षी वाफा भकास दिसतो आणि मध्ये आणखी चार रोपं कोंबायचा मोह होतो. तो आवरावा, कारण दाटीत हवा खेळत नाही आणि ऑगस्टच्या दमट दिवसांत पानांवर भुरी येते. लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन दोन इंच पुरे, तेही बुडापासून तीन इंच दूर.

पाणी पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, रोपाला एक गॅलन, मुळाशी. मग पहिला उन्हाळाभर पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा. दुसऱ्या वर्षापासून सलग तीन आठवडे पाऊस झाला नाही तरच. हिरवळीसाठी बसवलेले आपोआप चालणारे स्प्रिंकलर पहाटे वाफाही भिजवत असतील तर त्या तोंडावर टोपी बसवून टाकावी. खत शून्य. हिरवळीची देखभाल करणाऱ्या कंपनीला कंत्राट दिलेलं असेल तर त्यांच्या माणसाला वाफ्याजवळ फवारू नको असं स्पष्ट सांगावं; त्यांच्या खतातल्या नत्रानं कॅटमिंट लोळतो आणि तणनाशकाचा शिडकावा उडाला तर शेंडे पिळवटतात.

जूनमधली कात्री

वर्षाकाठी खरं काम एवढंच, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. पहिला बहर मेअखेर ते जूनअखेर असतो. फुलं करडी पडायला लागली, मधोमध भगदाड दिसायला लागलं की झुडपाच्या मुठी धरून हेज कापायच्या कात्रीनं सहा ते आठ इंचांवर सरळ कापायचं. बुडाशी नवे हिरवे फुटवे दिसत असतात, त्यांच्या जरा वर. कापून झाल्यावर एक भरपूर पाणी. आठवडाभर वाफा उजाड दिसतो, शेजारी विचारतात. चार-पाच आठवड्यांत पुन्हा फुलं येतात आणि हलका बहर सप्टेंबरपर्यंत चालतो. जुलैअखेरपर्यंत रेंगाळलात तर दुसरा बहर उशिरा येतो आणि थोडकाच टिकतो.

याच कात्रीनं आणखी एक दुखणं जातं. पानांवर पांढरे बारीक ठिपके दिसले तर ते बहुधा तुडतुड्यांचं काम असतं, ते पानातला रस शोषतात. औषध फवारायची गरज नाही आणि फवारूही नये, कारण झुडपावर दिवसभर भुंगे आणि मधमाश्या असतात. कापून टाकलं की नवी पानं स्वच्छ येतात. मधमाश्यांमुळेच हे झाड मुलांच्या झोपाळ्याजवळ किंवा पोहण्याच्या तलावाच्या काठाला लावू नये.

कापलेला पाला कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाही. बागेतला कचरा कचराभूमीत टाकायला इलिनॉयमध्ये 1990 पासून बंदी आहे. उभ्या कागदी पिशव्यांत भरून, बऱ्याच गावांत वर विकतचं स्टिकर लावून, तो वेगळा ठेवायचा.

शरद ऋतूत मात्र काही कापायचं नाही. वाळके देठ बर्फ धरून ठेवतात आणि बूड झाकलेलं राहतं. मार्चच्या शेवटी, नवी पालवी दोन इंचांची व्हायच्या आत, ते जमिनीलगत काढावेत.

वाढवणं, मांजरं आणि ससे

तीन-चार वर्षांनी मधला भाग लाकडासारखा होऊन रिकामा पडतो. एप्रिलमध्ये फुटवे तीन इंचांचे असताना अख्खा गड्डा खणून फावड्यानं तीन-चार तुकडे करायचे, प्रत्येकाला पाच तरी फुटवे हवेत, आणि मधला जुनाट भाग फेकायचा. मेमध्ये फुलांआधीच्या चार इंची शेंड्यांची कलमंही परलाइट आणि कोकोपीटच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात तीन आठवड्यांत मुळं धरतात. ‘वॉकर्स लो’ अशी वाढवायला हरकत नाही. ‘कॅट्स पजामाज’, ‘ज्युनिअर वॉकर’, ‘पर्शियन ब्लू’ या पेटंट असलेल्या जाती आहेत, त्यांची कलमं करणं बेकायदा.

मांजरं येतात, पण कॅटनिपइतकी वेडी होत नाहीत. वासातलं नेपेटालॅक्टोन हे द्रव्य सगळ्याच मांजरांवर चालत नाही, त्याला भुलण्याचा गुण आनुवंशिक असतो. नव्या कोवळ्या रोपावर मात्र एखादं लोळून त्याचा चेंदामेंदा करतं. पहिला महिना तारेची जाळी घातली की पुरे. ससे आणि हरणं, ज्यांनी इथल्या ट्युलिपचं आणि होस्टाचं वाटोळं केलेलं असतं, ती या वासानं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून गुलाबांच्या पुढे हे झाड शोभतंही आणि उपयोगीही पडतं: गुलाबाचे उघडे बोडके बुंधे झाकले जातात.

भारतात जाताना ‘त्याचं बी घेऊन ये’ अशी मागणी येते. वांझ संकराला बी नाही, आणि कलम किंवा गड्डा बॅगेत घालून नेणं भारताच्या वनस्पती-विलगीकरण नियमांत बसत नाही, आयात परवाना लागतो. नेलाच तरी कोकणातल्या किंवा पुण्यातल्या जुलैच्या पावसात त्याचं बूड कुजेल आणि त्याला हवी तशी थंडीची विश्रांती मिळणार नाही. तोच निळा रंग हवा असेल तर ऑक्टोबरमध्ये निळ्या साल्व्हियाचं, म्हणजे साल्व्हिया फॅरिनेशियाचं बी ट्रेमध्ये पेरावं, महिनाभरानं रोपं फूटभर अंतरानं उन्हात लावावीत आणि फुलं वाळली की तुरे खुडत राहावेत.