1060 वरची रेष

लोकांना वाटतं आम्ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला डोळा लावायला जागाच नाही, 45 मीटरच्या 30 डिश, 14 मधोमध एकमेकींच्या जवळ आणि 16 तीन दिशांना शेतांमधून लांबपर्यंत, आणि आम्ही कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर चहा पीत. खरं काम नंतर, महिनोन्‌महिने, त्याला फ्लॅगिंग म्हणतात. खराब डेटा वेचून टाकायचा, तांदूळ निवडतात तसा, फक्त इथे खडेच जास्त.

मी शोधते तो हायड्रोजन, म्हणजे गॅलक्सीत तारे बनायचा कच्चा माल. त्याची रेष, म्हणजे तो ज्या ठरावीक फ्रीक्वेन्सीला रेडिओ लहरी सोडतो ती खूण, मुळात 1420.4 मेगाहर्ट्झची, गॅलक्सी जितकी लांब तितकी ती खाली सरकते आणि तितकीच क्षीण होते. इथल्याच डेटातून आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला गेला, 2020 मध्ये, तर त्यासाठी 7,653 गॅलक्सींचे सिग्नल एकत्र करून सरासरी काढावी लागली. त्यामुळे लांबच्या एकट्या गॅलक्सीची रेष दिसणं म्हणजे लॉटरी.

मला ती लागली.

नोव्हेंबरअखेरचा डेटा, कॉसमॉस फील्ड, म्हणजे आकाशाचा एक ठरावीक तुकडा, मघा ताऱ्याच्या साधारण दहा अंश दक्षिणेला. 1060 मेगाहर्ट्झला छान उंचवटा, रेडशिफ्ट (रेष किती खाली सरकली त्याचं माप) 0.34. रुंदी अर्धा मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 140 किलोमीटर, फिरणाऱ्या गॅलक्सीला शोभेल अशीच. ऑप्टिकल कॅटलॉगमध्ये त्याच जागी त्याच रेडशिफ्टची गॅलक्सी! डेटाचे दोन भाग केले, दोन्हीत रेष. मी पेपरचं टायटलसुद्धा लिहून ठेवलं होतं. सर म्हणाले, "मेपर्यंत थांब." मला राग आला, कारण हेच सर दुसऱ्यांच्या एका सीझनच्या रेषेला कॉन्फरन्समध्ये टाळ्या वाजवतात.

थांबायचं कारण साधं आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटरने पळते, नोव्हेंबरअखेरीस ती त्या फील्डच्या दिशेने जात असते आणि मेअखेरीस त्यापासून लांब. म्हणजे रेष खरी असेल तर मेमध्ये ती सुमारे 0.2 मेगाहर्ट्झ खाली दिसली पाहिजे. जमिनीवरच्या किंवा विमानातल्या ट्रान्समीटरला असलं काही नसतं, त्याची रेष वर्षभर एकाच जागी.

मेमध्ये ते फील्ड भर दुपारीच वर येतं. बाहेर भाजून काढणारं ऊन, आत एसीत स्वेटर घालून मी. डेटा घेतला, पुण्याला आले, परत तीन आठवडे निवडणं. रेष होती. 1060 वरच होती, एक चॅनेलही, म्हणजे फ्रीक्वेन्सीचा एक बारीक कप्पाही, इकडे तिकडे नाही.

विमानं. जमिनीवरच्या स्टेशनपासून आपण किती लांब आहोत हे विचारायला विमानं 1025 ते 1150 मेगाहर्ट्झमध्ये पल्स सोडतात, बरोबर एकेक मेगाहर्ट्झच्या अंतरावर चॅनेल, आणि त्या पल्सची रुंदीही साधारण अर्धा मेगाहर्ट्झ. ऑपरेटर दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, गोल आकडा दिसला की मी आधी विमानच म्हणतो." हे नोव्हेंबरात विचारलं असतं तर! पण आम्ही पीएचडीवाले, ऑपरेटरला कोण विचारतंय.

विमानाचं एवढं नाही वाटत, शेकडो गॅलक्सी तपासल्या की एखादी अशा चॅनेलवर सापडणारच. डोक्यातून जात नाही ते वेगळंच. नंतर मी माझ्या फ्लॅगिंगचा हिशेब काढला. आजूबाजूच्या चॅनेलमध्ये मी जवळपास एक तृतीयांश डेटा टाकलेला, आणि 1060 च्या आसपास त्याच्या निम्मासुद्धा नाही. मुद्दाम नाही केलं, शपथ. पण तिथे संशयास्पद काही दिसलं की "राहू दे, बघू" असं झालेलं दिसतंय, दरवेळी. दोन्ही भागांत रेष का होती तेही त्यातच आलं, दोन्ही मीच निवडलेले. ऑटोमॅटिक फ्लॅगरला आम्ही सगळे शिव्या घालतो, फार चांगला डेटा खातो म्हणून, पण त्या बिचाऱ्याला गॅलक्सी नको होती.

आता निवडताना चॅनेलचे आकडे झाकून ठेवते. 1060 भोवतीचा सगळा पट्टा काढून टाकलाय, दोन्ही सीझनचा. ती गॅलक्सी मात्र खरी आहे, कॅटलॉगमध्ये आहे, आणि तिचा हायड्रोजन असलाच तर तो नेमका त्याच पट्ट्यात येणार. परवा सहज तिचं स्पेक्ट्रम उघडलं, मधोमध नुसती रिकामी जागा.