सांगलीत बसून खाडी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कार्यक्रम संपला की हा प्रश्न ठरलेलाच: "कृष्णाकाठचे तुम्ही, मग हे दाभोळच्या खाडीचं इलेक्ट्रॉनिक संगीत कुठून काढलंत? इथं समुद्र आहे का?"

समुद्र नाही, पण पाणी आपलंच आहे की! कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीकडं येते. मात्र धरणात अडवलेलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पोफळीकडं उतरतं, वीज करून वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून दाभोळला जातं.

तरी खरं कारण मिरजेत आहे. तंबोरा जुळवताना जोडीच्या तारा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या, पण अजून मिळाल्या नाहीत, की आवाज फुगतो आणि ओसरतो. भरतीचंही तेच. चंद्राची भरती १२ तास २५ मिनिटांनी फिरून येते, सूर्याची १२ तासांनी. दोन्ही एकदम आल्या की अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. एकमेकींच्या आड आल्या की अष्टमीच्या सुमाराची भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. मी एवढंच करतो, एक ऑसिलेटर, म्हणजे एकसारखा सूर काढणारं यंत्र, १०० हर्ट्झवर लावतो, दुसरा त्याहून साडेतीन हर्ट्झ चढा. प्रमाण तेच, फक्त सेकंदाला साडेतीन उधाणं येतात. दुसऱ्याचा आवाज निम्म्याहून कमी, कारण सूर्याची ओढही तेवढीच. म्हणून भांगेलाही खाडी गप्प होत नाही. पुढं हे इतकं संथ करत नेतो, की ठेका शोधणारे कंटाळून मोबाईल काढतात. काढू देत. ठेका आहे, सम लांब आहे.

आणि संगीतात मधूनच ऐकू येते ती तडतड? ती सॉफ्टवेअरमधली नाही, शपथेवर सांगतो. खाडीच्या तोंडाशी हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडला की लाटा बाजूलाच राहतात, फोडणीत मोहरी उडावी तसा आवाज येत राहतो. एका जातीची कोळंबी नांगी फटकन मिटते, पाण्यात बुडबुडा होतो आणि तो फुटतो, त्याचा हा आवाज. त्यावर मी जवळजवळ काही करत नाही.

मागच्या पडद्यावरची चित्रं मित्राची. कांदळवनातला काळा चिखल तो कागदावर ओततो आणि कागद तिरपा धरतो; पाणी निथळताना ओहोटीच्या ओहोळांसारख्या फांद्या आपोआप पडतात. वाळल्यावर कडेनं मीठ फुटतं. पावसाळ्यात तेच मीठ ओल धरतं आणि चित्र चिकट होतं, त्यामुळं जुलैत आम्ही प्रदर्शन लावत नाही.

कृष्णेवर का नाही, हेही विचारता. इथं पाणी चढायला लागलं की आम्ही आयर्विन पुलाजवळचे फूट विचारत बसतो. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं. त्या चढण्यावर मला अजून सूर लावता येत नाही. खाडीचं चढणं पंचांगात सापडतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. नवमी असेल तर पावणेसात.