एकाच केबलवर डिश आणि अँटेना: आडवे चॅनल सापडले!

काल रात्री डिशवरचे आडव्या पोलरायझेशनचे (आडव्या लहरींतून येणारे) चॅनल परत आले. तीन शनिवार-रविवार त्यात गेले, म्हणून आधी तेच सांगतो.

मांडणी अशी: पोटमाळ्यावर डिप्लेक्सर (डिश आणि अँटेनाचे सिग्नल एका केबलवर एकत्र करणारी डबी), तिथून दिवाणखान्यात एकच केबल आणि भिंतीवरच्या प्लेटमध्ये पुन्हा फाटा. फ्रीव्ह्यू, म्हणजे अँटेनावरचं ब्रिटनमधलं फुकट टीव्ही, पहिल्या दिवसापासून लख्ख. आमच्या लंडनमधल्या हॅरोपासून क्रिस्टल पॅलेसचा प्रक्षेपण मनोरा साधारण २५ किलोमीटर, आणि त्याचे मुख्य सहाही मल्टिप्लेक्स (चॅनलांचे गठ्ठे) यूएचएफ या टीव्हीच्या पट्ट्यातल्या २२ ते ३० क्रमांकांत, म्हणजे ४७८ ते ५५० मेगाहर्ट्झमध्ये. डिशचा आयएफ, म्हणजे डिशकडून केबलवर उतरणारा सिग्नल, सुरू होतो थेट ९५० ला. मधे ४०० मेगाहर्ट्झ मोकळं रान असल्यावर स्वस्तातला डिप्लेक्सरही दोघांना वेगळं ठेवतो. डिशवरच्या फुकट फ्रीसॅटवर मात्र उभ्या पोलरायझेशनचे चॅनल ठणठणीत आणि आडवे साफ गायब!

टीव्हीचा बॉक्स केबलवरून एलएनबीला (डिशच्या टोकाचा सिग्नल पकडणारा भाग) उभ्यासाठी १३ व्होल्ट पाठवतो, आडव्यासाठी १८. म्हणजे ते १८ व्होल्ट डिशपर्यंत पोचत नव्हते. डिप्लेक्सर ही वीज (डीसी) पुढे जाऊ देतो का ते तपासलं, डिप्लेक्सर बदलला, एलएनबी बदलला. डिशजवळ केबल सोडून मल्टीमीटर लावला तर चक्क १८.१. इथेच मी दोन आठवडे अडकलो. सुट्या केबलमधून करंटच वाहत नाही, मग व्होल्टेज पडणार कुठून? शेवटी केबल न तोडता मोजता यावं म्हणून टी-जोड लावून एलएनबी चालू असताना मोजलं: १४.५! प्लेटच्या मागे त्याच वेळी १८.०. म्हणजे दोष प्लेट आणि डिश यांच्या मधे.

पोटमाळ्यावरचं ग्लासवूल (उष्णतारोधक थर) उचललं आणि दिसला तो. आधीच्या मालकाने दोन केबल पिळून बसवायच्या एफ कनेक्टरने (डिशच्या केबलचं टोक) जोडल्या होत्या, आतून सगळं हिरवं. एलएनबी साधारण १०० मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे साडेतीन व्होल्ट पडायला त्या एका जोडात ३५ ओहम. ७५ ओहमच्या लाईनीत तेवढ्याने सिग्नल जेमतेम दोन डेसिबल उतरतो, म्हणून सिग्नल मीटर कधी ओरडलाच नाही. मारला गेला तो फक्त डीसी. हे उमगलं तेव्हा पोटमाळ्यावर एकटाच हसलो.

जोड कापून काँप्रेशन (हत्याराने दाबून बसवायचे) कनेक्टर बसवले, आता डिशजवळ १७.६. पिळायचे कनेक्टर कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. ज्या दुकानातून मी आधी केबल आणली तिथे पोलादी गाभ्यावर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तांब्याची म्हणून विकतात. मी आता डब्ल्यूएफ१०० या केबलवर आलोय. तांब्याची फॉइल, तांब्याचीच जाळी, सोलायलाही सुख.

पुढचा बेत रेकॉर्डरच्या दुसऱ्या ट्यूनरचा, म्हणजे एक चॅनल बघताना दुसरा रेकॉर्ड करण्याचा. त्यासाठी वाइडबँड (रुंद पट्ट्याचा) एलएनबी मागवणारच होतो, पण त्याचा आयएफ २९० पासून २३४० मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. म्हणजे अँटेनाच्या अख्ख्या पट्ट्यावरून नांगर! एका केबलच्या घरात तो चालायचाच नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं: डीएससीआर एलएनबी, म्हणजे एकाच केबलवर अनेक ट्यूनर चालवणारा. तो ९५० च्या वरच राहतो, प्रत्येक ट्यूनरला आपापला पट्टा देतो आणि खालचं यूएचएफ जसंच्या तसं सुटतं. डिप्लेक्सरला हातही लावायला नको. रेकॉर्डरच्या मेनूत सिंगल केबलचा पर्याय आहे का, ते बघायला आत्ताच उठतोय.