बोन मॅरो ट्रान्सप्लांटमधे पेशंटचं ऑपरेशन होतच नाही

ट्रान्सप्लांट म्हटलं की सगळे पहिलं विचारतात ऑपरेशन किती तासांचं? अहो ऑपरेशन नसतंच. डोनरच्या स्टेम सेल्सची, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या मूळ पेशींची, पिशवी सेंट्रल लाईनला (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला) लावतात, रक्त चढवतात तशी, आणि त्या पेशी रक्तातून फिरत आपल्या आपण हाडांच्या आतल्या मॅरोत, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मऊ गाभ्यात, जाऊन बसतात. मला हे अजूनही थोर वाटतं.

त्रास असतो तो आधी आणि नंतर. आधी जोरदार केमो, कधी रेडिएशनपण, म्हणजे आजारी मॅरो मोडतो आणि शरीर नव्या पेशींना हाकलत नाही. पेशी देतात तो डे झिरो, आणि तिथून पुढे साधारण 2 ते 4 आठवडे नुसती वाट बघायची, जुन्या पेशी गेलेल्या, नव्या अजून तयार नाहीत, तोंडात फोड, जरा ताप आला की सगळ्यांची धावपळ. माझ्या मावसभावाच्या वेळी घरात सकाळी एकच प्रश्न असायचा, काउंट किती? न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग 3 दिवस 500 च्या वर राहिले की ग्राफ्ट लागला, म्हणजे नव्या पेशी रुजल्या, असं धरतात.

पण तिथेही संपत नाही. डोनरच्या पेशी म्हणजे नवी प्रतिकारशक्ती, तिला पेशंटचंच शरीर परकं वाटलं तर ती त्वचा, लिव्हर, आतडी यांवर उलटते, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. आणि गंमत नाही, खरंच, हीच ताकद उरलेल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशीसुद्धा मारते! म्हणून ती दाबायची औषधं फार जपून ठरवावी लागतात.

डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी 1957 मधे माणसांवरचे पहिले प्रयत्न छापले तेव्हा एचएलए मॅचिंग, म्हणजे डोनर आणि पेशंटच्या पेशींवरच्या ओळखखुणा जुळवणं, माहीतच नव्हतं, ते पेशंट वाचले नाहीत, तरी त्यांनी काम सोडलं नाही, 1990 मधे नोबेल मिळालं. सख्ख्या भावंडात पूर्ण मॅच व्हायचा चान्स 25 टक्के, हल्ली अर्ध्या मॅचवरही करतात, म्हणजे आईवडील किंवा मुलंही डोनर होऊ शकतात. रक्तगट वेगळा असला तरी चालतो, पुढे पेशंटचा रक्तगट डोनरचा होतो.

आणि डोनरच्या पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही हो! बहुतेक वेळा 4-5 दिवस इंजेक्शनं, त्याने हाडं दुखतात, मग मशीनवर रक्तातून पेशी वेगळ्या करतात. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात, तो काही आठवड्यांत भरून येतो. घरात कुणी ह्याच भीतीने टेस्ट टाळत असेल तर त्याला आधी डॉक्टरांशी बोलायला घेऊन जा.