तुम्ही विचारलंत म्हणून: गॅसवर गाडी ओढते का?

मागे होडीचा ट्रेलर आणि गाडीच्या बाजूला गॅस भरायचं तोंड, एवढं दिसलं की पंपावर कुणी ना कुणी येऊन विचारतंच, "पेट्रोलची गाडी एलपीजीवर केलीत, पण ओढते का हो?"

ओढते. ॲव्हरेज मात्र पडतं, कारण एक लिटर एलपीजीत पेट्रोलच्या साधारण तीन चतुर्थांशच ऊर्जा असते. शिवाय टाकी 80 टक्क्यांच्या वर भरत नाहीत, उन्हात द्रव फुगायला जागा लागते. म्हणजे 60 लिटरच्या टाकीत हाती लागतात 48. ट्रेलर लावून निघालो की माझा एक डोळा काट्यावरच असतो.

ताकदीचं म्हणाल तर जुन्या मिक्सर किटमध्ये गॅस इंजिनात शिरणाऱ्या हवेतच मिसळतो, तिची जागा खातो आणि चढावर गाडीला दम लागतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर देणाऱ्या सीक्वेन्शियल किटमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. माझं किट तेच. तरीही मी पोळलो, आणि ते ज्या गोष्टीने पोळलो ती कुणी विचारतच नाही: इंजिन आतून किती तापतं?

वर्षभरातच गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला थरथरायला लागली. प्लग बदलले, कॉइल बदलली, थरथर तशीच. शेवटी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं, तर तिसऱ्या सिलिंडरचा काटा निम्म्यावरच अडकला. हेड उतरवलं. जळका धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड नखाएवढी जळून गेली होती.

झालं होतं असं: किट बसवणाऱ्याने ट्यूनिंग केलं रिकाम्या गाडीवर. सपाट रस्त्यावर सगळं झकास. पण होडी लावून चढावर पॅडल दाबलं की गॅस कमी पडायचा, हवा-गॅसचं मिश्रण पातळ व्हायचं आणि एक्झॉस्ट भट्टीसारखा तापायचा. त्यात व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कड्यांवर टेकतात त्या सीट मऊ. त्या झिजल्या की व्हॉल्व्ह आत आत सरकतो आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट, संपतो. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तो गार होतो मुख्यतः सीटला टेकून. टेकणंच बंद झालं तर जळेल नाही तर काय?

म्हणून किटची कंपनी विचारण्याआधी इंजिनाच्या सीट कडक आहेत का, टॅपेट सेट करता येतात का, ते विचारा. कूलंटची पातळी बघत चला. रिड्युसर त्याच गरम पाण्यावर द्रवाचा वायू करतो, पाणी कमी पडलं की गोठतो. टाकी गाडीखाली घालणार असाल तर आधी ट्रेलर ओढायच्या हुकाचा सांगाडा कुठून जातो ते वाकून बघा. मी गोल टाकी स्टेपनीच्या खळग्यात बसवली; स्टेपनी आता डिकीत लोळते आणि प्रत्येक वेळी सामान भरताना शिव्या खाते.

दुसऱ्यांदा ट्यूनिंगला गेलो तो होडी मागे लावूनच. मिस्त्री लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि आम्ही एकच चढ तीनदा चढलो. तिसऱ्यांदा स्क्रीनवरून नजर न काढता तो म्हणाला, "आता पुरतोय गॅस." तरी फार लांबचा घाट आला की मी बटण दाबून पेट्रोलवर घेतो.