पैसे भेटीचे, की बरं होण्याचे?

लातूर-नांदेडकडं मानसोपचाराची फी भेटीमागं घेतात. पेशंट पुढच्या महिन्यात आला नाही, तर तो बरा झाला की मधेच सुटला, हे बिलावरून कळत नाही. इथं इंग्लंडमध्ये सरकारी समुपदेशन सेवा 2008 पासून आहे. 2023 पासून तिला एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीज म्हणतात. इथं दर भेटीला मोजमाप होतं, आणि काही ठिकाणी मोबदल्याचा एक हिस्सा त्या निकालावर ठरतो.

पेशंट दर वेळी दोन प्रश्नावल्या भरतो. नैराश्याची पीएचक्यू-9: गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा वगैरे 9 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 27. चिंतेची जीएडी-7: 7 प्रश्न, 21 गुण. पहिलीत 10 किंवा दुसरीत 8 गुण झाले की त्रास उपचाराजोगा धरतात. दोन्ही आकडे त्याखाली आले की माणूस बरा झाला.

खरी अडचण इथंच आहे. पीएचक्यूत 12 वरून 9 वर आलेला 'बरा' ठरतो, पण 3 गुण तर एरवीही खालीवर होतात. पीएचक्यूत 6 किंवा जीएडीत 4 गुण उतरले तरच ती खात्रीची सुधारणा. 24 वरून 14 वर आलेल्या माणसानं 10 गुण कमावले, तरी तो 'बरा' नाही. पैसे फक्त बरे झालेल्यांचे दिले, तर जड केसेस कोण घेईल? सुरुवातीचा आकडा लक्षात घेऊनच मोबदला ठरला पाहिजे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याची पद्धत आम्हाला जास्त पटते. तिथं एका कार्यक्रमात निधीचा 25 टक्के भाग कामाच्या दर्जाशी जोडला: वेळेवर फोन केला का, गुण उतरत नसतील तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला का, औषधं नीट नोंदली का. ही सगळी कामं समुपदेशकाच्या हातातली. निम्म्या पेशंटांना उतार पडायला आधी 64 आठवडे लागायचे, नंतर 25 लागले.

मराठवाड्यात हे जसंच्या तसं उचलू नका. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघाली की सहा महिने गावात नसतात. त्यांची भेट हुकली म्हणून समुपदेशकाचे पैसे कापणं अन्याय आहे; कारखान्यावर केलेला फोन भेटीत धरा. सोयाबीनचा पैसा हातात आला की गुण आपोआपही उतरतात, म्हणून पेरणीचा आकडा काढणीच्या आकड्याशी ताडू नका. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात. तेव्हा वाचणारा माणूस असा हवा, ज्याचा मोबदला उत्तरावर अवलंबून नाही. ज्याला पैसे मिळणार त्यानंच कागद भरला, तर आकडे हमखास सुधारतात!

आणि पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. एकूण गुण 5 असले तरी तिथं 0 सोडून काहीही आलं, तर त्याच दिवशी, त्याच बैठकीत पुढचं विचारायचं. या कामाचा मोबदला कुठल्याही निकालावर अडवू नये.