सायबाच्या वाटेवर, ज्यांची आठवण येते त्यांना घेऊन

नोव्हेंबर सरत आला की मुंबई-गोवा महामार्गावर, सावंतवाडीच्या पुढे, भल्या पहाटे चालणाऱ्या माणसांच्या रांगा दिसू लागतात. सर्वांत पुढे एकाच्या खांद्यावर लाकडी क्रूस, सर्वांत मागे चकाकणारी जाकिटं घातलेली तरणी पोरं आणि मध्ये आम्ही सगळे, हातात रोझरी म्हणजे जपमाळ घेऊन. ही जुन्या गोव्याची पदयात्रा. २४ नोव्हेंबरला संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि ३ डिसेंबरला त्यांचं फेस्त, म्हणजे सण, असतो. सोळाव्या शतकातल्या या धर्मप्रसारक संताचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत. गोव्यात त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. सीमेच्या अलीकडचे आम्ही कॅथलिकही सायबच म्हणतो. बेळगावहून, कारवारहून, आमच्या सिंधुदुर्गातून लोक असे चालत जातात. पंढरीच्या वाटेवरची पालखी, दिंड्या, रिंगण यातलं काही आमच्याकडे नाही. तरी शेजारणीला सांगताना मी ‘वारीला चाललेय’ असंच सांगते आणि तिला ते बरोबर कळतं.

माझे यजमान दर वर्षी जायचे. मी शाळा, घर आणि सासूबाई सांभाळत मागे राहायचे. ते वारले, त्यानंतर मी चालू लागले. त्या दिवसांत भेटायला येणारं प्रत्येक माणूस चांगल्या मनानं एकच सांगत होतं: देवाची इच्छा होती, आता मन आवर. काही जण तर पुढे जाऊन म्हणायचे, पुनरुत्थानावर विश्वास आहे ना, मग इतकं रडायचं कशाला? त्यांच्या बोलण्यातून असं वाटायचं की श्रद्धा म्हणजे शांत बसणं, आणि माणसाची ओढ जितकी कमी तितका देव जवळ. मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. का पटत नाही ते या वाटेवर चालताना मला हळूहळू उमगत गेलं, म्हणून लिहिते आहे.

पहाटेच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आम्ही निघतो. इन्सुलीचा घाट अंधारात उतरायचा. त्या वेळी कोणी फारसं बोलत नाही. विजेरीच्या उजेडात पुढच्या माणसाच्या टाचा तेवढ्या दिसत राहतात. माझ्या हातात यजमानांची रोझरी होती, काळ्या लाकडी मण्यांची. तिचा एक मणी कधीतरी हरवला होता आणि त्या जागी त्यांनी शर्टाचं पांढरं बटण ओवलं होतं. पहिल्या दिवशी बोटं त्या बटणाशी आली की माझी प्रार्थना तिथेच थांबायची. ‘नमो मरीये’ अर्धवट राहायचं आणि ते दिवाणखान्यात चष्मा लावून सुईत दोरा ओवत बसलेत असं डोळ्यांपुढे यायचं. मागची बाई रोझरी पुढे नेत राहायची, मी मात्र बटणाशीच असायचे.

बांद्याला उजाडतं. तेरेखोलच्या पात्रावर धुकं असतं आणि कापणी झालेल्या मळ्यांतून ओल्या गवताचा वास येतो. तिथे एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. टपरीवाल्या आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

“सायबाक चललात?”
“होय.”
“काय मागूक?”
मी म्हटलं, “मागूक नाय. भेटूक.”

त्यांनी किटली खाली ठेवली आणि म्हणाले, “आमचा पण तसाच. निघताना मागूचा असता, चंद्रभागा दिसली काय सगळा इसराक होता.” पैसे त्यांनी घेतले नाहीत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत असत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या टपरीवर तो पूल माझ्या पायांखाली होता.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी थोडं उभं राहिलो, गोवामुक्तीच्या १९५५ च्या सत्याग्रहींसाठी एक प्रार्थना म्हटली आणि गोव्यात शिरलो. पुढे धारगळपर्यंतचं ऊन विसरण्यासारखंच होतं.

मुक्कामाला पायांना खोबरेल चोळत सगळे बसले असताना आमच्यातल्या एका मुलानं तोंड उघडलं. कळंगुटला हॉटेलात काम करतो तो. बरोबर आलेल्या फादरांना म्हणाला, “फादर, खरं सांगू? मला देव हवाय असं काही वाटत नाही. बाकीचे रडतात, गातात, मला आत काहीच होत नाही. मग मी चालतोय कशाला?” बायका गप्प झाल्या. मला वाटलं, फादर आता श्रद्धेवर काहीतरी सांगतील. ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरू. त्यांनी उलट प्रश्न केला, “वाटावं, असं तरी वाटतं का?”

मुलगा विचारात पडला. मग म्हणाला, “हो, ते वाटतं.”

फादरांनी सांगितलं की हा प्रश्न त्यांचा नव्हे, येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा आहे. संघात येऊ पाहणाऱ्याला काय काय विचारायचं ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. ख्रिस्तासाठी अपमान सोसायची इच्छा तुझ्यात आहे का, असं आधी विचारायचं. तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाला तर त्याला परत पाठवायचं नाही. निदान तशी इच्छा व्हावी अशी तरी इच्छा आहे का, असं विचारायचं. तेवढ्यावर सुरुवात होते. मग इग्नेशियसची स्वतःची गोष्ट निघाली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या ते एका थोर घराण्यातल्या स्त्रीची स्वप्नं तासन् तास रंगवत. तिच्यासाठी काय पराक्रम करू, तिच्याशी काय बोलू. मधूनच संतांची चरित्रं वाचून त्यांच्यासारखं व्हावं असंही वाटे. दोन्ही विचार गोड होते. फरक नंतर पडायचा: पहिलं स्वप्न सरलं की मन कोरडं, दुसरं सरलं तरी आनंद मागे उरलेला. इग्नेशियसनी इच्छा मारल्या नाहीत. कोणती इच्छा मागे काय ठेवून जाते ते पाहिलं आणि जिच्यात जीव होता तिच्यामागे निघाले. फादर एवढंच म्हणाले, “प्रत्येक ओढ देवाची असते असं चर्च कधीच म्हणत नाही. ती तपासावी लागते. पण तपासायला आधी ती असावी तरी लागते ना.”

त्या रात्री मला झोप आली नाही. डोक्यात संत ऑगस्टीन होते. ३८७ साली रोमजवळच्या ओस्तियाच्या बंदरात, आफ्रिकेला परत जायच्या वाटेवर, त्यांची आई मोनिका वारली. त्यांनीच तिचे डोळे मिटले. त्यांचा मुलगा हंबरडा फोडून रडू लागला तर मोठ्यांनी त्याला गप्प केलं, कारण अशा मरणाला आक्रोश शोभत नाही असं त्यांना वाटत होतं. ऑगस्टीननीही डोळे कोरडे ठेवले. स्नानानं दुःख हलकं होतं असं ऐकलं होतं म्हणून ते स्नानाला जाऊन आले. मन तसंच जड. शेवटी झोपून उठल्यावर एकांतात, देवासमोर, त्यांनी स्वतःला रडू दिलं. जी आई इतकी वर्षं माझ्यासाठी रडली तिच्यासाठी मी घटकाभर रडलो, तर त्याला हसू नका, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. चर्चच्या एवढ्या मोठ्या आचार्याला आईसाठी रडल्याबद्दल लोकांना समजवावं लागलं! सोळाशे वर्षांनी मला सांत्वन द्यायला आलेली माणसं त्याच ठिकाणी उभी होती.

फ्रान्समधल्या क्लेर्व्हो मठाचे प्रमुख संत बर्नार्ड यांच्याबद्दल तर मला फार आपलेपण वाटतं. बायबलातल्या गीतरत्न या प्रेमगीतावर त्यांनी मठातल्या बंधूंपुढे १८ वर्षं प्रवचनं दिली. तहानलेल्या प्रेयसीची भाषा त्यांनी देवासाठी वापरली आणि त्याचा त्यांना जराही संकोच वाटला नाही. ११३८ मध्ये त्यांचा सख्खा भाऊ जेरार्ड वारला. तो त्याच मठात कारभार पाहायचा. बर्नार्डनी त्याला कोरड्या डोळ्यांनी मूठमाती दिली आणि नेहमीप्रमाणे प्रवचनाला बसले. मध्येच बांध फुटला. विषय तिथेच टाकून ते भावासाठी शोक करत राहिले आणि तो शोक त्यांनी नंतर पुसूनही टाकला नाही. आजही तो २६ व्या प्रवचनात आहे, देवाच्या प्रेमावरच्या प्रवचनांच्या ओघातच. मला हेच म्हणायचं आहे. भावाची आठवण काढून टाकून त्यांनी देवाच्या ओढीला जागा केली नाही. दोन्ही एकाच मुळावर वाढतात आणि एक छाटलं की दुसरंही वाळतं. ८६ व्या प्रवचनात ते गीतरत्नाच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओवीपर्यंत पोचले होते, जिथे प्रेयसी म्हणते की रात्री अंथरुणावर मी माझ्या जिवलगाला शोधलं. तिथे असतानाच ११५३ मध्ये त्यांना मरण आलं.

दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल, म्हापसा, मग पर्वरीची चढण. पाय बोलत होते, मन बोलत नव्हतं. गाणाऱ्यांचे आवाज बसले होते. काही वेळ तर मलाही त्या मुलासारखंच आत कोरडं वाटत होतं. संध्याकाळच्या रोझरीत मात्र लक्षात आलं, बोटांखालून बटण आलं आणि गेलं, आणि मी पुढच्या मण्यावर होते. त्यांना विसरले होते असं नव्हे. उलट ते त्या वेळी जितके जवळ होते तितके वर्षभरात नव्हते. पण आदल्या दिवशी प्रार्थनेला अडवून उभे असलेले ते आता प्रार्थनेच्या आत होते. मला ते हवे होते, आणि त्यांच्याहून मोठं काहीतरी हवं होतं, आणि या दोन मागण्या मला वेगळ्या करता येत नव्हत्या. ऑगस्टीन म्हणतात, चांगल्या ख्रिस्ती माणसाचं अवघं आयुष्य म्हणजे एक पवित्र ओढ. पिशवीत पुष्कळ भरायचं असलं की आपण ती आधी ताणतो, तसा देव भेट लांबवून माणसाचं मन ताणतो. ते ताणलं जाणं दुखतं. दुखू नये असं कुठे लिहिलंय?

शेवटच्या रात्री मध्यरात्रीनंतर निघून मांडवीचा पूल ओलांडला आणि पणजीहून रायबंदरच्या जुन्या बांधावरून चालू लागलो. पोर्तुगीजांनी १७ व्या शतकात बांधलेला हा लांबलचक, सरळ रस्ता. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी. सायबाबद्दल बोलायला याहून चांगली जागा नाही. चमत्कारांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण मला त्यांची पत्रं अधिक प्रिय आहेत. १५४६ मध्ये दूर पूर्वेच्या आंबोन बेटावरून त्यांनी युरोपातल्या सोबत्यांना कळवलं की तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सतत जवळ बाळगतो. मेल्यावरही त्यांच्या गळ्यातल्या डबीत इग्नेशियसची सही सापडली. १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून त्यांनी इग्नेशियसना लिहिलं की तुमच्या पत्राचा शेवट, ‘तुम्हाला कधीही विसरू न शकणारा’, मी रडत वाचला आणि रडतच हे लिहितो आहे. हे ते सायब, ज्यांनी सगळं सोडलं असं आपण पोरांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. सोडलं ते खरंच, पण माणसांचं वेड सोडलं नाही. जुन्या गोव्यातच सांत पावलूच्या कॉलेजच्या बागेत ते रात्री फिरत आणि देवाच्या प्रेमानं छाती इतकी पेटे की झगा छातीपाशी उघडून ‘पुरे, प्रभो, पुरे’ म्हणत, अशी आख्यायिका आहे. चित्रांत, मूर्तींत ते पुष्कळदा असेच दिसतात, दोन्ही हात छातीशी नेलेले. आणि १५५२ च्याच ३ डिसेंबरला, चीनचा किनारा समोर असताना, नेणारी होडी आलीच नाही म्हणून सांच्वानच्या बेटावर ते वारले. त्यांची सर्वांत मोठी इच्छा अपुरीच राहिली. ज्यांची इच्छा पुरी झाली नाही अशा माणसाकडे आम्ही हजारोंनी आमच्या इच्छा घेऊन जातो.

बॉम जेझुच्या बासिलिकेत रांग लावून आत गेलो. सायबाचे अवशेष असलेली चांदीची पेटी उंचावर आहे, खालून फार काही दिसत नाही, आणि मागून माणसं येत असतात म्हणून थांबताही येत नाही. मी यजमानांचं नाव घेतलं. त्यांच्यासाठी शांती मागितली आणि माझ्यासाठी ती मागितली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात माग्दालिया मरीया कबरीपाशी रडत उभी असते. पेत्र आणि दुसरा शिष्य येऊन, पाहून घरी गेलेले असतात; ती जात नाही. उठलेला प्रभू सर्वांत आधी त्या रडणारीला भेटतो. तिला गप्प राहायला सांगत नाही, कोणाला शोधतेस म्हणून विचारतो, आणि मग नावानं हाक मारतो. मला माझं नाव ऐकू यायचं आहे. तोवर मी शोधत राहीन, एवढंच मी तिथे म्हटलं.

मिस्सानंतर जत्रेत खाजं घेतलं, पोरांनी लोकांच्या गर्दीत क्रूस सांभाळून टेम्पोत चढवला. हॉटेलात काम करणारा तो मुलगा फादरांच्या शेजारी बसला होता आणि परतीच्या वाटेवर बांद्यापर्यंत त्यांचं काहीतरी चाललं होतं. मी विचारलं नाही.

कोणाला यायचं असेल तर नोव्हेना सुरू होण्याआधी आपल्या चर्चमध्ये चौकशी करा, बहुतेक गावांतून एखादा तरी गट निघतो. जुन्या, पायात बसलेल्या चपला घाला, नव्या नकोत. मोजे दोन जोड घ्या. गेल्या वर्षात तुमचं कोणी गेलं असेल आणि लोक तुम्हाला मन आवरायला सांगत असतील, तर जरूर या. रांगेत माझ्या शेजारी चाला, त्यांच्याबद्दल बोला. मला ऐकायचं आहे.